पातळ पट्ट्या एकसारख्या का निघत नाहीत? घरगुती जिगचे दोष आणि दुरुस्ती

तक्रार नेहमीची आहे. प्लायच्या कडेला लावायला सागाच्या एक सुती (सुमारे ३ मिमी) पट्ट्या काढायला घेतल्या, टेबल सॉवर (टेबलातून गोल ब्लेड वर येणाऱ्या करवतीवर) जिग, म्हणजे पट्टीची जाडी ठरवणारा साचा, बसवला, पहिल्या तीन-चार पट्ट्या बऱ्या आल्या आणि पुढची एका टोकाला ३ मिमी तर दुसऱ्या टोकाला अडीच. मग जिगचा स्क्रू आवळून बघणे, बेरिंग बदलणे, महागाचे ब्लेड आणणे असे सुरू होते. त्यातल्या बऱ्याच खर्चाची गरज नसते. पट्टीत दोष कुठे आहे आणि कितव्या पट्टीत आहे हे नीट पाहिले, तर कारण जवळपास तिथेच सापडते.

इथे विचार १.५ ते ६ मिमी जाडीच्या, १८ ते २५ मिमी उंचीच्या पट्ट्यांचा केला आहे. लिपिंग (प्लायच्या कडेला लावायची पट्टी), देव्हाऱ्याची जाळी, वाकवून चिकटवायचे थर, बोटींची मॉडेल्स, लाकडी आकाशकंदिलाच्या चौकटी, सगळे यात येते. मशीन टेबल सॉ असो की प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवलेला ७ इंची कटर, तत्त्व तेच.

आधी पट्टी मोजा

टेपने काही कळणार नाही, वर्नियर कॅलिपर लागेल. फळी मशीनमध्ये घालण्याआधी तिच्यावर पेन्सिलने बाण काढा, म्हणजे कोणते टोक आधी गेले ते नंतर समजेल. निघालेल्या प्रत्येक पट्टीवर क्रमांक टाका. सुरुवात, मध्य आणि शेवट, आणि तिन्ही ठिकाणी वरची कड व खालची कड, अशी सहा मापे घ्या. निदान पाच पट्ट्यांची मापे समोर असल्याशिवाय जिगला हात लावू नका.

लिपिंगसाठी ०.२ मिमीपर्यंतचा फरक चालतो. थर चिकटवून वाकवायचे असतील तर ०.१ मिमी. त्याहून बारीक मापाच्या मागे लागण्यात अर्थ नाही; पावसाळ्यातली हवाही लाकडाला थोडे फुगवते.

आता मापे वाचू.

फक्त पहिली पट्टी निमुळती आणि दुसरीपासून सगळ्या ठीक असतील, तर फळीच्या दोन कडा मुळात समांतर नव्हत्या. पहिल्या कापात ब्लेडने त्या समांतर केल्या, बस्स. पहिली पट्टी बाजूला टाका आणि पुढे चला. यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेत फरक असेल, तर बहुतेक जण ब्लेडला गुण्या लावतात. ब्लेड १ अंशाने कलले असेल तर १८ मिमी उंचीत ०.३ मिमीचा फरक पडतो, हे खरे. पण तो फक्त पहिल्या पट्टीत दिसेल. दुसऱ्या पट्टीच्या दोन्ही बाजू त्याच कलत्या ब्लेडने कापलेल्या असतात, म्हणून जाडी एकच येते, फक्त पट्टी काटकोनात नसते. प्रत्येकच पट्टी पाचरीसारखी येत असेल तर दोन शक्यता: दर कापानंतर तुम्ही फळी उलटी करताय, किंवा फळीला बाक असल्याने ती टेबलावर डुलतेय. फळीच्या वरच्या बाजूला खडूने एक रेघ मारा आणि शेवटपर्यंत ती वरच ठेवा. डुलणारी फळी आधी रंध्याने सपाट करा. ब्लेडचा गुण्याही बरोबर करायचाच, पण पाचर त्यामुळे होत नव्हती.

पट्टी ब्लेडच्या डावीकडे सुटत असेल आणि एकाच पट्टीत शेवटाकडे जाडी कमी होत गेली, तर फेन्स (ब्लेडच्या उजवीकडची, फळी जिला टेकवून सरकवतात ती सरळ पट्टी) उजवीकडे सरकला. फळी उजवीकडे ढकलली गेली की ब्लेड डाव्या कडेच्या जवळ कापते. उलट शेवटाकडे जाडी वाढली, तर फळीने फेन्स सोडला, म्हणजे दोष हाताच्या दाबाचा. एक लॉकचा प्रश्न आहे आणि दुसरा ढकलण्याच्या पद्धतीचा, तेव्हा ही दोन लक्षणे एकमेकांत मिसळू देऊ नका.

आणि एक रुजलेला गैरसमज: फेन्स ब्लेडला समांतर नसला की पट्टी निमुळती येते. येत नाही. फळी फेन्सच्या दिशेने सरकते, त्यामुळे काप नेहमी फेन्सला समांतरच जातो. तिरक्या फेन्सचा त्रास वेगळा आहे, तो पुढे येईल.

कोणता जिग? फेन्स बघून ठरवा

फळी फेन्सला लावून फेन्स आणि ब्लेडमधल्या ३ मिमीच्या फटीतून पट्टी काढणे हा सगळ्यात वाईट मार्ग. सुटलेली पट्टी फेन्स आणि ब्लेडमध्ये अडकते, ब्लेडचे मागचे, वर येणारे दात तिला उचलतात आणि कामगाराच्या दिशेने फेकतात. १० इंची ब्लेड मिनिटाला ४,५०० फेरे फिरत असेल तर दातांचा वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर होतो. जिग लागतो तो मुळात यासाठी. एकसारखी जाडी हा दुसरा फायदा.

घरी करण्याजोगे प्रकार दोन. पहिल्यात पट्टी ब्लेडच्या डावीकडे, मोकळ्या बाजूला सुटते. डावीकडे बेरिंगचा टेका असतो, फळी त्याला टेकवून फेन्स दर कापाला डावीकडे आणून लॉक करायचा. दुसऱ्यात फेन्स एकदाच लॉक करतात आणि मागे टाच असलेली एक ढकलपट्टी फेन्सच्या कडेने पळते. पट्टी ढकलपट्टी आणि ब्लेड यांच्यामध्ये सुटते, पण टाच तिला ब्लेडच्या पार पलीकडे नेऊन सोडते.

इथे निवड चुकली की पुढची सगळी डोकेदुखी पाठीमागे येते. बेरिंगच्या जिगमध्ये वीस पट्ट्यांसाठी फेन्स वीस वेळा हलवावा लागतो. कारखान्यातला, एका लीव्हरने दोन्ही टोकांना पकडणारा फेन्स असेल तर हरकत नाही. पण उलट्या कटरच्या टेबलावर दोन टोकांना शिकंजे लावून पकडलेला ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप असेल, तर दर वेळी त्याचा कोन थोडा बदलणार. अशा टेबलावर टाचेचाच जिग वापरा. लांबीचा मुद्दाही आहे. ५०-६० सेंमीपर्यंतच्या पट्ट्यांना टाच सोयीची. ८ फुटी लिपिंग काढायची तर तेवढी लांब ढकलपट्टी हाताळता येत नाही, तिथे बेरिंगच हवे आणि मग फेन्स चांगला असण्याला पर्याय नाही.

बेरिंगचा जिग

लागणारे सामान:

- तळाला १८ मिमी मरीन प्लाय, ३०० × १५० मिमी
- सरकपट्टीसाठी १२ मिमी प्लाय, २२० × ६० मिमी
- ६०८ नंबरचे बेरिंग (भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिमी)
- एम८ बोल्ट ४० मिमी, नायलॉक नट, आणि बेरिंगच्या फक्त आतल्या कड्याला टेकतील अशा दोन लहान चकत्या
- एम६ चे दोन चौकोनी मानेचे बोल्ट, रुंद वॉशर, विंग नट
- एम६ चा ६० मिमी पूर्ण आट्यांचा बोल्ट, दोन नट
- टेबलाच्या खोबणीत बसणारी सागाची किंवा हायलमची (कडक, गुळगुळीत फिनॉलिक शीटची) पट्टी

सरकपट्टीत मधोमध ६.५ मिमी रुंद आणि १०० मिमी लांब चीर पाडा. दोन एम६ बोल्ट तळाच्या प्लायमधून खालून वर या चिरेत येतात. त्यांची डोकी तळाच्या खालच्या पृष्ठभागात बुडवा, नाहीतर जिग टेबलावर नीट बसणार नाही. एका बोल्टवर काम भागेल असे वाटते, पण भागत नाही. एका बोल्टवर सरकपट्टी गोल फिरते आणि पट्ट्यांमधला निम्मा फरक तिथूनच येतो.

सरकपट्टीचे पुढचे टोक तळाच्या कडेबाहेर ३५-४० मिमी येऊ द्या आणि बेरिंग त्या टोकाच्या खाली टांगा. तळ १८ मिमीचा असल्याने खाली बेरिंग, चकत्या आणि बोल्टचे डोके मावून टेबलापासून ३-४ मिमी जागा उरते. तळाला १२ मिमी प्लाय वापरला की बोल्टचे डोके टेबलाला घासते. बोल्ट आवळल्यावर बेरिंग बोटाने फिरवून पाहा. फिरत नसेल तर चकती मोठी आहे आणि ती झाकणावर किंवा बाहेरच्या कड्यावर दाबतेय.

बेरिंगबद्दल एक मत मांडायला हरकत नाही: त्याचे कौतुक जरा जास्तच होते. सागाच्या तुकड्याला गोल नाक काढून त्यावर मेणबत्ती घासली, तर मापात काही फरक पडत नाही. काम टेकण्याचे आहे. बेरिंगवर भुसा आणि डिंक चिकटून ०.१-०.२ मिमीची पुटे चढतात, लाकडी नाक फडक्याने एकदा पुसले की झाले.

बारीक समायोजनासाठी तळाच्या मागच्या टोकाला लाकडी ठोकळा स्क्रूने लावा, त्यात एम६ नट बसवा आणि बोल्टचे टोक सरकपट्टीच्या मागच्या कडेला टेकवा. एम६ च्या आट्यांचे अंतर १ मिमी असते, म्हणजे एक फेरा १ मिमी, पाव फेरा पाव मिमी. बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका दिला की फेरे मोजता येतात. दुसरा नट लॉक म्हणून आवळायचा.

खोबणीतली पट्टी ढिली असेल तर ती बदलू नका. तिच्या दोन्ही टोकांना लांबीच्या दिशेने ४० मिमीची चीर द्या आणि चिरेत वरून एक स्क्रू पिळा. पट्टी फाकून खोबणीत घट्ट बसते. सरकवायला थोडी जड लागली तरी चालेल, हा जिग कापताना हलायचा नसतोच. टेबलाला खोबणीच नसेल तर तळ दोन शिकंज्यांनी सरळ टेबलावर पकडा.

बेरिंग नेमके कुठे हवे

ब्लेडच्या बाजूला नाही, ब्लेडच्या आधी. फळी टेबलापाशी जिथे पहिल्यांदा दातांना भेटते, तिथून २० ते २५ मिमी अलीकडे बेरिंगचा मध्य ठेवा. बेरिंग ब्लेडच्या शेजारी आले की सुटणारी पट्टी बेरिंग आणि ब्लेडमध्ये चेपली जाते, आणि ज्या धोक्यासाठी जिग केला तोच परत येतो. पट्टी फुटणे, ब्लेडचा आवाज बदलणे, कापताना फळी मागे ढकलल्यासारखी वाटणे, ही त्याची लक्षणे.

हे अंतर ठरवण्याआधी ब्लेडची उंची पक्की करा. ७ इंची (१८४ मिमी) ब्लेड टेबलावर २३ मिमी वर असेल तर त्याची पुढची कड मध्यापासून ६१ मिमीवर येते. तेच २८ मिमी वर केले तर ६६ मिमीवर. नंतर कोणी उंची वाढवली की बेरिंगपर्यंतचे अंतर गुपचूप कमी होते. फळीच्या वर दात ३ ते ५ मिमी दिसले की पुरे.

माप लावताना पाहिजे ती जाडी बेरिंग आणि डावीकडे झुकलेल्या दाताच्या टोकामध्ये ठेवा, ब्लेडच्या पत्र्यापासून नाही. ज्या ब्लेडचा काप २.८ मिमी आणि पत्रा १.८ मिमीचा आहे, त्यात दात दोन्हीकडे अर्धा मिमी बाहेर असतात. सगळ्याच पट्ट्या ठरल्यापेक्षा अर्धा मिमी पातळ निघतात ती तक्रार इथलीच. ३ मिमी ड्रिलच्या दांड्याची गुळगुळीत बाजू दात आणि बेरिंगमध्ये सरकवून पाहिली तर वर्नियरपेक्षा लवकर काम होते. प्लग काढल्याशिवाय मात्र ब्लेडजवळ बोट न्यायचे नाही.

एकेका पट्टीत फरक पडत असेल तर

पट्टी स्वतः दोन्ही टोकांना सारखी आहे, पण एक ३.० तर पुढची २.७ आणि त्यापुढची ३.२: हा बेरिंगच्या जिगचा खास आजार. फळी बेरिंगला टेकवताना हाताचा जोर दर वेळी वेगळा पडतो. जोरात दाबले की सरकपट्टी थोडी लवते. खात्री करायची तर बेरिंग आणि फळीमध्ये साध्या कागदाचा तुकडा ठेवा; फळी टेकल्यावर कागद हलक्या अडथळ्याने ओढून निघाला पाहिजे. दर वेळी हेच, मग फेन्स लॉक.

लॉक करताना फेन्स सरकतो का तेही बघा. लॉक केल्यावर पुन्हा कागद ओढून पाहा. आता तो सहज निघाला किंवा फाटला, तर लीव्हर दाबताना फेन्स हलतो. फेन्स नेहमी एकाच दिशेने, उजवीकडून डावीकडे आणत लॉक केला तर ही चूक निदान दर वेळी सारखी होते.

पट्टीच्या शेवटच्या २-३ सेंमीत जाडी वाढणे किंवा खाच पडणे हे या रचनेतच आहे. फळीचे शेपूट बेरिंग सोडते तेव्हा कापायचे दोन-तीन सेंमी अजून बाकी असतात आणि फळीला डावीकडून आधार उरत नाही. फळी ठोकळ्याने, फेन्सच्या दिशेने किंचित तिरका जोर देत ढकला, आणि तरीही फळी गरजेपेक्षा ५ सेंमी लांब ठेवा. लांबीत ५ सेंमी वाया घालवणे हे या खाचेशी भांडण्यापेक्षा स्वस्त आहे.

फेदरबोर्ड (फळी दाबून धरणारा, बोटांसारख्या चिरा असलेला लाकडी तुकडा) लावायचा असेल तर तोही ब्लेडच्या अलीकडेच. ब्लेडच्या बाजूला लावला तर तो काप मिटवतो.

टाचेचा जिग, फेन्स न हलवता

१८ मिमी प्लाय, ४५० × १२० मिमी. रुंदी १०० मिमीच्या खाली आणू नका, हात ब्लेडपासून लांब राहतो तो या रुंदीमुळे. वर, उजव्या अर्ध्या भागात, जुन्या रंध्याची मूठ किंवा दाराचे हँडल स्क्रूने लावा. स्क्रू ब्लेडच्या रस्त्यात येणार नाहीत ना, ते पेन्सिलने रेघ मारून तपासा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ढकलपट्टीच्या रुंदीत. तिच्या दोन कडा समांतर नसतील तर प्रत्येक पट्टी तेवढीच आणि त्याच बाजूला निमुळती येते. ४५० मिमीत अर्धा मिमी फरक असेल तर तो पूर्णच्या पूर्ण पट्टीत उतरतो. मोजत बसण्यापेक्षा ढकलपट्टी त्याच मशीनवर, त्याच फेन्सला लावून कापा:

फेन्स साधारण १२० मिमीवर पक्का करा. १ मिमी सनमायकाच्या, फेन्सएवढ्या लांबीच्या तीन पट्ट्या फेन्सच्या तोंडाला दोन टोकांना पकडून लावा. त्यांना टेकवून ढकलपट्टीची डावी कड कापून घ्या. मग सनमायका काढून टाका. फेन्स जागचा हललेला नाही, ढकलपट्टी मात्र आता ब्लेडपासून बरोबर तीन सनमायकांएवढी, म्हणजे सुमारे ३ मिमी दूर आहे, आणि तिची कड आपोआप समांतर. एक सनमायका परत लावली की पट्टी २ मिमीची. सनमायकाची जाडी छापलेल्या आकड्यापेक्षा थोडी इकडेतिकडे असते, म्हणून पहिली पट्टी मोजून घ्या.

टाच १२ मिमी प्लायच्या तुकड्याची. ढकलपट्टीच्या मागच्या टोकाला ती दोन स्क्रूंनी लावा, डावीकडे २५ मिमी बाहेर. पहिल्याच फेरीत ब्लेड तिचा जास्तीचा भाग कापून टाकेल आणि पट्टीएवढ्या जाडीचे नाक उरेल. तेच नाक पट्टीला ढकलते. पातळ पट्टीनंतर जाड पट्टी काढायची तर टाच बदलावी लागते, म्हणून तिला फेव्हिकॉल लावू नका. टाच निम्म्यात तुटत असेल तर वरच्या थराच्या रेषा नाकाला आडव्या आल्यात. तुकडा असा कापा की त्या रेषा नाक बाहेर येते त्या दिशेने, म्हणजे उजवीकडून डावीकडे, येतील.

ढकलपट्टी पट्टीचे मागचे टोक ब्लेडच्या मागच्या दातांपलीकडे जाईपर्यंत न्यायची. अर्ध्यात थांबून मागे ओढायची नाही. डाव्या हातातला ठोकळा फळीला ढकलपट्टीवर दाबून धरतो, तोही ब्लेडच्या अलीकडेच.

पट्टी मधेच पातळ आणि टोकांना जाड येत असेल, तर फळीची ढकलपट्टीला टेकणारी कड पोकळ आहे. ती कड एकदा लांब रंध्याने सरळ करा. बेरिंगच्या जिगमध्ये हाच दोष वेगळा दिसतो: फेन्सला लागणारी कड वाकडी असेल तर जाडी सगळीकडे बरोबर येते पण प्रत्येक पट्टी एकाच बाजूला, सारखीच बाकदार निघते.

डाग, लाटा आणि फटीत पडणाऱ्या पट्ट्या

कापलेली बाजू खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरा. दातांच्या खुणा एकाच दिशेच्या चापांसारख्या दिसल्या तर काम ठीक आहे, फक्त पुढचे दात कापताहेत. खुणा एकमेकींना छेदत असतील तर मागचे दातही लाकडाला लागताहेत. इथे तिरक्या फेन्सचा हिशोब येतो. फेन्स मागच्या बाजूला उघडा असेल तर मागचे दात पट्टीला खरवडतात आणि ती थोडी पातळ होते. मागे आवळलेला असेल तर फळी फेन्स आणि ब्लेडमध्ये दाबली जाते, करपण्याचे काळे डाग फळीच्या कडेवर पडतात, आणि ती फेकली जाण्याचा धोका वाढतो. तपासायचे तर एका दातावर खडूची खूण करा, तो दात पुढे आणून फेन्सपर्यंत मोजा, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे नेऊन मोजा. दात तोच असला पाहिजे, नाहीतर ब्लेडचा डुलणेपणा मापात मिसळतो. दोन्ही अंतरे सारखी, किंवा मागे जास्तीत जास्त ०.१ ते ०.२ मिमी जास्त.

फेन्स बरोबर असूनही डाग पडत असतील तर ब्लेड पाहा. दातांच्या मुळाशी चिकटलेला डिंक रॉकेलमध्ये भिजवून पितळी ब्रशने निघतो; पाइनच्या पेट्यांच्या लाकडात तो फार लवकर जमतो. ८० दातांचे ब्लेड प्लाय आडवे कापायला छान, पण लाकूड लांबीत चिरताना त्याच्या दातांमधल्या लहान जागेत भुसा मावत नाही आणि घासून करपते. १० इंची ब्लेडला २४ ते ४० दात, ७ इंचीला २४ दात पुरेत. ढकलण्याचा वेग फार कमी ठेवला तरी करपते.

पट्टीवर लाटा दिसतात तेव्हा संशय ब्लेडच्या वॉशरवर घ्या. तिथे भुश्याचा एक कण अडकला तरी ब्लेड डुलते. ब्लेड काढून दोन्ही वॉशर पुसा. ब्लेडचे भोक मोठे आणि दांडा बारीक म्हणून मधे बसवलेली रिंग ढिली असेल तर ती फेकून योग्य रिंग आणा.

४ इंची मार्बल कटरला लाकडाचे ब्लेड लावून टेबल बनवण्याची पद्धत सर्रास दिसते. या कामाला ती वापरू नका. त्या मशीनचे फेरे मिनिटाला १२,००० च्या आसपास असतात, लाकडाच्या अनेक ब्लेडवर लिहिलेली मर्यादा त्याखाली असते, आणि ब्लेडमागे काप उघडा ठेवणारा सुरा बसवायला जागाच नसते.

पट्टी ब्लेडशेजारच्या फटीत घुसत असेल किंवा शेवटी खाली खेचली जाऊन तुटत असेल, तर टेबलाची फट मोठी आहे. ४ मिमी एमडीएफ किंवा हायलमचा तुकडा दोन्ही बाजूंनी वापरायच्या टेपने ब्लेडच्या जागेवर चिकटवा, वरून एक फळी आडवी शिकंज्याने पकडा, आणि मशीन चालू करून ब्लेड सावकाश वर आणा. ब्लेड स्वतःपुरतीच फट पाडेल. उलट्या कटरच्या टेबलावर सगळ्या टेबलभर सनमायका लावून हेच करता येते. या बदलानंतर बेरिंगची उंची आणि ब्लेडची उंची पुन्हा तपासा.

पट्टी मशीनवरून सरळ आली आणि तासाभरात वाकली

हे जिगच्या हातात नाही. लाकडात ताण असतो, कापल्यावर तो सुटतो. सगळ्या पट्ट्या वेगवेगळ्या दिशेला वाकत असतील तर फळी ओली आहे किंवा गाठीजवळून काढलेली आहे. ओलावा मोजायचे यंत्र असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास आकडा हवा. कोकणात पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या सागात तो सहज याच्या वर जातो. फळी निवडताना टोकाकडून बघा. वर्तुळांच्या रेषा फळीच्या रुंद बाजूला उभ्या लागत असतील अशी फळी कमी वाकते. लांबीतल्या रेषा कडेला तिरप्या बाहेर पडत असतील तर २ मिमीची पट्टी तिथेच मोडणार, ब्लेड कितीही चांगले असो.

निघालेल्या पट्ट्या लगेच एकमेकींवर सपाट रचून दोन-तीन ठिकाणी सुतळीने बांधा. भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका.

फळी किती पुरेल, कुठे थांबायचे

हिशोब करताना काप विसरला जातो. ३ मिमी पट्टी आणि ३ मिमी काप म्हणजे प्रत्येक पट्टीला ६ मिमी फळी जाते. १०० मिमी रुंद फळीतून शेवटचे ४० मिमी सोडले तर १० पट्ट्या. १.८ मिमी कापाचे पातळ ब्लेड लावले तर त्याच फळीतून १२. शेवटचे ४० मिमी सोडायचेच, त्याहून अरुंद फळी ब्लेड आणि फेन्समध्ये सुरक्षित ढकलता येत नाही. तो तुकडा सपाट आडवा वापरा किंवा दुसऱ्या फळीला चिकटवून पुन्हा रुंद करा.

लिपिंगसाठी फळी २० ते २२ मिमी जाड घ्या. १८ चा म्हणून विकलेला प्लाय बऱ्याचदा १७ ते १७.५ मिमी भरतो, पट्टी दोन्हीकडे थोडी बाहेर राहिली की रंध्याने समपातळीत आणता येते. जाडीत ०.३ मिमी पॉलिश पेपरसाठी जास्त ठेवा.

उलट्या कटरच्या टेबलाला आणखी एक गोष्ट लागते. कटरचे बटण प्लास्टिकच्या पट्ट्याने कायमचे दाबून ठेवलेले असते. वीज गेली आणि तुम्ही अडकलेली पट्टी काढायला हात घातला, तेवढ्यात वीज आली तर ब्लेड आपोआप फिरू लागते. वीज परत आल्यावर स्वतःहून सुरू न होणारा, लाल-हिरव्या बटणांचा स्विच इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. तो टेबलाच्या पुढच्या कडेला, गुडघ्याने लाल बटण दाबता येईल इतक्या उंचीवर लावा. तो लावेपर्यंत सुटलेली पट्टी उचलण्याआधी दर वेळी प्लग काढा आणि ब्लेड पूर्ण थांबू द्या.